रिकामं ताट परत द्यायचं नाही

(या भागाचा लेखी मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

डिसेंबर आहे, सकाळी लोकलच्या दारात उभं राहिलं की आता जरा गार वारा लागतो. मोबाईल उघडला की सेल, सेल आणि सेल. ‘आपल्या माणसांसाठी खास’, ‘फक्त आजच्या दिवस’, ‘सीक्रेट सांताला काय द्याल?’ तुमच्या ऑफिसात चिठ्ठ्या काढून झाल्या असतील. ज्याच्याशी वर्षभरात चार वाक्यं बोललो नाही, नेमकं त्याचंच नाव आपल्याला येतं. मग पाचशे रुपयांत कॉफीचा मग. दरवर्षी मग. माझ्या ड्रॉवरमध्ये सहा आहेत.

तर आजचा विषय आहे नाताळ आणि देणं. घरच्यांना देणं, शेजाऱ्यांना देणं. आणि सुरुवात मी दुकानातून नाही, एका स्टीलच्या ताटापासून करणार आहे.

मी वसईची. आमचं जुनं बिल्डिंग, दुसरा मजला, समोरासमोर दोन दारं. एका दारात आम्ही, दुसऱ्या दारात मावशी. सख्खी मावशी नाही हं. सगळ्या बिल्डिंगची मावशी. त्या कॅथलिक, आम्ही हिंदू. बोलणं मराठीतच. त्यांच्या घरातली मराठी आमच्यापेक्षा वेगळी, आपसात बोलायला लागल्या की लहानपणी मला अर्धंच कळायचं. पण शिव्या आणि जेवणाची नावं बरोबर कळायची.

दिवाळीत आमच्याकडून त्यांच्याकडे फराळाचं ताट जायचं. नाताळात त्यांच्याकडून आमच्याकडे यायचं. वर क्रोशाचा रुमाल. रुमाल उचलला की कुलकुल, नेवऱ्या, केकचे तुकडे, पेरूची वडी, आणि कोपऱ्यात हमखास सुकेळी. वसईची सुकेळी माहीत आहेत ना? राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात, मधासारखी गोड होतात. ती खाऊन झाली की भांडण: ताट कोण परत द्यायला जाणार. कारण ताट रिकामं परत द्यायचं नाही, हा नियम. काहीतरी घालायचंच. काहीच नसेल तर आई मूठभर साखर घालायची. मी एकदा विचारलं, “साखर काय त्यांच्या घरात नाही?” आई म्हणाली, “आहे गं. पण ताटाला वजन पाहिजे.”

हे वाक्य तेव्हा मला काही कळलं नव्हतं. आज त्याच्यावरच बोलायचंय.

नाताळ आणि पगार

आधी थोडा इतिहास, कंटाळू नका. बऱ्याच जणांना वाटतं की नाताळ म्हणजे काहीतरी इंग्रजी, बर्फ, लाल टोपी, परदेशी सिनेमे. पण ‘नाताळ’ हा शब्दच बघा. तो इंग्रजीतून आलाच नाही. तो पोर्तुगीज ‘नाताल’वरून आला, म्हणजे जन्म, जन्माचा सण. आणि गंमत सांगू? ‘पगार’ हा शब्दही पोर्तुगीजच. ‘पगार’ म्हणजे त्यांच्या भाषेत पैसे देणं, चुकतं करणं. म्हणजे आपल्याला पगार मिळतो तोही आणि तो उडवायला नाताळ येतो तोही, दोन्ही शब्द एकाच जहाजातून उतरले. पाव आणि पाद्रीही त्याच जहाजातले.

वसई १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. म्हणजे दोनशे पाच वर्षं. त्या काळात इथले अनेक लोक ख्रिस्ती झाले. धर्म बदलला, पण शेती, भाषा, नऊवारीची पद्धत, हळदीचे विधी, लग्नातली गाणी यातलं पुष्कळ काही टिकलं. वसईतले सामवेदी ख्रिस्ती घरात कादोडी बोलतात, वाडवळांची बोली वेगळी. मुंबईतले मूळचे मराठी बोलणारे कॅथलिक स्वतःला ‘ईस्ट इंडियन’ म्हणवतात. हे नाव त्यांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी घेतलं. नाव इंग्रजी, पण माणसं गावठाणातली, कोळीवाड्याशेजारची.

आणि मराठीत ख्रिस्तजन्माची गोष्ट किती जुनी आहे? फादर थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला. त्यानं इथली भाषा शिकून ‘ख्रिस्तपुराण’ लिहिलं, थेट ओवीत. ते १६१६ मध्ये छापलं गेलं. शिवाजी महाराजांचा जन्म व्हायच्याही आधी. आणि अगदी अलीकडचं उदाहरण द्यायचं तर वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक, ‘सुबोध बायबल’चे लेखक. २०२० साली उस्मानाबादला ९३वं मराठी साहित्य संमेलन झालं, त्याचे ते अध्यक्ष होते. २०२४ मध्ये ते गेले. सांगायचा मुद्दा इतकाच की नाताळ हा आपल्याकडे पाहुणा नाही. तो समोरच्या दारात राहतो.

ताटात काय असतं

आता खाण्याकडे येऊ, कारण देण्याची खरी सुरुवात तिथेच होते.

नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. चर्चमध्ये तयारी चालते, घराघरांत गोठा उभारायचं सामान निघतं: पेंढा, माती, जुने पुतळे, ज्यातल्या एका मेंढीचा पाय दरवर्षी तुटलेलाच असतो. बाहेर कागदी चांदणी लागते. आणि स्वयंपाकघरात कुलकुल.

कुलकुल एकट्यानं करायची गोष्टच नाही. मैदा, रवा, अंडं, नारळाचं दूध, थोडं तूप, असं पीठ मळायचं. त्याची बोराएवढी गोळी घ्यायची, काट्याच्या चमच्याच्या पाठीवर दाबायची आणि गुंडाळायची, की शंखासारखी रेघारेघांची नळी तयार होते. काही घरांत यासाठी खास कोरा कंगवा आणतात. मग तळायचं आणि साखरेत घोळवायचं. एक गोळी वळायला दहा सेकंद लागतात. पण करायचे असतात शेकडो. त्यामुळे सगळं घर बसतं. आजोबा बसतात, पोरं बसतात, शेजारची पोरगी, म्हणजे मी, बसायची. माझे कुलकुल वेडेवाकडे व्हायचे. मावशी ते वेगळे काढून ठेवायच्या आणि आमच्याच ताटात घालायच्या. “तुझे तूच खा!”

नेवरी म्हणजे आपली करंजी. आत नारळ असतो, कुठे रवा, कुठे खसखस. आमच्याकडे कातण्यानं कड कापतात, त्यांच्याकडेही. मला कितीतरी वर्षं वाटायचं की मावशींनी करंजी आमच्या आईकडून उचलली, आणि मावशींच्या मुलीला वाटायचं की आम्ही नेवरी त्यांच्याकडून उचलली. यावर आमची खरी मारामारी झालेली आहे.

गोव्यात यात बेबिंका येते, दोदोल येतो, बोलिन्या येतात. बेबिंकाचा एकेक थर भाजून त्यावर पुढचा ओतायचा, घाई केली की सगळं बिघडलं. या सगळ्या गोडाचं ताट शेजारीपाजारी पाठवायचं, त्याला गोव्यात ‘कोन्सुआद’ म्हणतात आणि तिकडे मंगळुरूकडे नाताळच्या गोडाला ‘कुस्वार’ म्हणतात. मूळ पोर्तुगीज शब्द ‘कोन्सोआदा’. पोर्तुगालमध्ये त्याचा अर्थ नाताळच्या आदल्या रात्रीचं जेवण. आपल्याकडे येऊन तो शेजाऱ्याच्या दारात गेला.

आणि आता नीट ऐका. या शब्दाचं मूळ लॅटिनमधल्या ज्या शब्दाशी जोडलं जातं, त्याचा अर्थ आहे सांत्वन. धीर देणं. गोव्यात अशी रीत आहे की ज्या घरात त्या वर्षी कुणी गेलंय, त्या घरात गोडाचं करत नाहीत. मग नातेवाईक आणि शेजारी त्या घरी ताट पाठवतात.

आपल्याकडे दिवाळीत काय होतं? अगदी हेच. सुतकाच्या वर्षी घरात कढई चढत नाही, आणि शेजारून डबे येतात. हे मला कुठल्या पुस्तकातून कळलं नाही.

त्या वर्षीची दिवाळी

मी नववीत होते. सप्टेंबरमध्ये बाबा गेले. अचानक. त्यानंतर महिन्याभरात दिवाळी. आमच्याकडे कंदील नाही, फराळ नाही, काही नाही. बिल्डिंगमधल्या काकू डबे देऊन गेल्या. आई डबे घ्यायची, ‘बसा ना’ म्हणायची, आणि त्या गेल्या की डबा तसाच ओट्यावर ठेवायची. रडायची नाही. मला त्याचीच भीती वाटायची.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी समोरचं दार उघडलं. मावशी आल्या, हातात ताट, वर तोच क्रोशाचा रुमाल. दिवाळीत ताट त्यांच्याकडून? आम्ही बघतच राहिलो. त्यांच्याकडे कधी दिवाळीचा फराळ होत नाही, होणार तरी कशाला? रुमाल काढला तर नेवऱ्या. दिवाळीत, ताज्या, फक्त आमच्यासाठी तळलेल्या.

मावशी म्हणाल्या, “दरवर्षी तुमचं ताट येतं. यंदा वाट चुकलं, म्हणून मी घेऊन आले.”

आई तेव्हा रडली. दोन महिन्यांत पहिल्यांदा. मावशी तिच्याजवळ जमिनीवर बसल्या आणि मला म्हणाल्या, “तू खा गं, गार होतील.” मी खाल्ली. आणि मला आठवतं, मला लाज वाटली होती, कारण ती मला खूप आवडली.

दुसऱ्या दिवशी आईनं ताट घासलं. घरात काही केलेलं नव्हतं. तिनं डब्यातून मूठभर साखर काढली, ताटात घातली, आणि स्वतः उठून समोर देऊन आली. बाबा गेल्यानंतर कुणाच्या घरी ती पहिल्यांदा गेली ती अशी, चार पावलं, साखर घेऊन.

ताटाला वजन पाहिजे. तेव्हा कळलं.

भेट देणं म्हणजे नुकसान?

आता जरा दुसऱ्या बाजूनं बघू. कारण तुमच्यातले काही म्हणत असतील, ‘हे सगळं ठीक आहे, पण आजच्या काळात पैसे जीपे केले की झालं. ज्याला जे हवं ते तो घेईल.’

हे म्हणणारे तुम्ही एकटे नाही. जोएल वॉल्डफोगेल नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं १९९३ साली यावर एक निबंध लिहिला. त्यानं विद्यार्थ्यांना विचारलं: नाताळला तुम्हाला ज्या भेटी मिळाल्या त्यांची किंमत किती असेल? आणि भावना बाजूला ठेवून, ती वस्तू स्वतः घ्यायची असती तर तुम्ही किती पैसे दिले असते? दोन आकड्यांत फरक पडला. त्याचा हिशेब असा आला की भेटवस्तूंच्या किमतीतला साधारण दहावा हिस्सा ते एक तृतीयांश एवढा भाग वाया जातो. म्हणजे हजार रुपयांची भेट घेणाऱ्याच्या लेखी सहासातशे ते नऊशेचीच. माझ्या सहा मगांकडे बघितलं तर मला पटतं.

पण त्याच्या प्रश्नातले ते तीन शब्द पाहिलेत ना? ‘भावना बाजूला ठेवून’. मूठभर साखरेतून भावना बाजूला काढली तर उरतात दोन रुपये.

दुसरा प्रयोग २००८ चा, कॅनडातला. एलिझाबेथ डन आणि तिच्या सहकाऱ्यांनी केलेला. सेहेचाळीस लोकांना सकाळी एकेक पाकीट दिलं. कुणाच्या पाकिटात पाच डॉलर, कुणाच्या वीस. अर्ध्यांना सांगितलं, संध्याकाळी पाचच्या आत हे स्वतःवर खर्च करा. अर्ध्यांना सांगितलं, दुसऱ्या कुणावर तरी खर्च करा. संध्याकाळी फोन करून विचारलं, कसं वाटतंय? ज्यांनी दुसऱ्यावर खर्च केला ते जास्त खूश होते. आणि पाच की वीस, यानं काही फरक पडला नाही. त्यांनी आणखी काही लोकांना आधी विचारलं होतं की कशानं जास्त आनंद होईल, तेव्हा बहुतेकांचा अंदाज होता: वीस डॉलर, आणि स्वतःवर. साफ चुकला. माणसं थोडी होती, हे मान्य. एका प्रयोगावरून जग ठरत नाही. पण आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, “यासाठी पाकिटं वाटली? मला विचारायचं ना.”

सोनं, ऊद, गंधरस

नाताळला भेट द्यायची ही पद्धत आली कुठून? दोन गोष्टी सांगितल्या जातात.

एक, बायबलमधली. मत्तयच्या शुभवर्तमानात पूर्वेकडून मागी लोक येतात, तारा बघत बघत. बाळाला सोनं, ऊद आणि गंधरस देतात. आपण म्हणतो तीन राजे, पण मजकुरात ‘तीन’ही नाही आणि ‘राजे’ही नाही. भेटी तीन, म्हणून माणसं तीन मानली. याचा सण ६ जानेवारीला. गोव्यात रेइश मागुश आणि चांदोरसारख्या गावांत त्या दिवशी मुलं राजांचा पोशाख घालून निघतात, बघण्यासारखं असतं. स्पेनमध्ये तर मुलांना भेटी मिळायचा मुख्य दिवस हाच.

दुसरी गोष्ट संत निकोलसची. चौथ्या शतकातला मायरा गावचा बिशप, हे गाव आजच्या तुर्कस्तानात येतं. दंतकथा अशी की एका गरीब बापाच्या तीन मुली होत्या, हुंड्याला पैसे नव्हते. निकोलसनं रात्री गुपचूप त्यांच्या घरात सोन्याच्या थैल्या टाकल्या, तीनदा. कुणाला दिसू नये म्हणून अंधारात. डच लोक त्याला ‘सिंटरक्लास’ म्हणतात, त्यावरून अमेरिकेत झाला सांताक्लॉज. म्हणजे सांताचा मूळ स्वभाव काय? गुपचूप द्यायचं. आणि आपण काय करतो? द्यायच्या आधी अनबॉक्सिंगचा व्हिडिओ.

मला यातलं एक आवडतं. निकोलसनं त्या घराला काय हवंय ते बघितलं होतं. खिडकीतून का होईना, बघितलं होतं.

माझी फजिती

हे मी शहाणपण शिकवत नाहीये. माझी स्वतःची फजिती ऐका.

माझा पहिला पगार झाला. मी ठरवलं, आईसाठी भारी काहीतरी घ्यायचं. घेतलं स्मार्टवॉच. पावलं मोजतं, झोप मोजतं, हृदयाचे ठोके मोजतं. आईनं बॉक्स उघडला, म्हणाली, “छान आहे हो.” मी पट्टा बांधून दिला, ॲप टाकून दिलं. चार दिवसांनी बघते तर घड्याळ कपाटात, साड्यांच्या घडीत, बॉक्ससकट. मी चिडले. “आई, आठ हजारांचं आहे ते!” आई शांतपणे म्हणाली, “म्हणूनच ठेवलंय. पोळ्या करताना खराब होईल.”

मी खूप दुखावले. मग धाकट्या भावानं पुण्याहून फोनवर विचारलं, “तू तिला विचारलंस का तिला काय हवंय?” मी म्हटलं, “ती ‘काही नको’ म्हणते.” तो म्हणाला, “मग ती काय करताना वैतागते ते बघ.”

बघितलं. आई रोज रात्री सुईत दोरा ओवायला मला हाक मारायची. डोळ्यांना दिसत नव्हतं, आणि चष्म्याचा नंबर बदलून घ्यायला ती जात नव्हती, कारण ‘एवढं काही नाही’. एका शनिवारी सुट्टी टाकून तिला घेऊन गेले. नवा चष्मा, जाताना रिक्षा, येताना उसाचा रस. घड्याळाच्या पाव किमतीतही सगळं झालं. ती आज तो चष्मा कपाटात ठेवत नाही, कपाळावर ठेवते आणि घरभर शोधते.

चूक घड्याळाची नव्हती. मी ‘पहिल्या पगाराची भेट’ घेतली होती, आईसाठी नव्हती घेतली.

तो चोवीस डिसेंबर

आता पुन्हा ताटाकडे. पाच वर्षांपूर्वी नोव्हेंबरमध्ये मावशींचे मिस्टर गेले. आम्ही त्यांना काका म्हणायचो. दरवर्षी स्टुलावर चढून चांदणी तेच लावायचे. त्या डिसेंबरला समोरच्या दारावर चांदणी नव्हती. स्वयंपाकघरातून तळणाचा वास नाही. मुलगी परदेशात, अंत्यविधीला येऊन परत गेलेली. मावशी एकट्याच.

मी ऑफिसात बसून एक ड्रायफ्रूटचा बॉक्स ऑर्डर केला. छान पॅकिंग, सोनेरी रिबन. चोवीसला संध्याकाळी आला. आईला दाखवला. आई ओट्याशी उभी, समोर परात, सारण, कातणं. करंज्या चालल्या होत्या. डिसेंबरात.

ती माझ्या बॉक्सकडे बघून म्हणाली, “ते ऑफिसातल्या कुणाला दे. इकडे ये, कडा दाबून दे.”

आम्ही रात्री साडेनऊपर्यंत तळत होतो. मग आईनं वरच्या फळीवरचं एक ताट काढलं. काठावर नाव कोरलेलं होतं, मावशींच्या सासूबाईंचं. त्या दिवाळीनंतर केव्हातरी ताटांची अदलाबदल होऊन ते आमच्याकडेच राहून गेलं होतं, आणि आमचं एक त्यांच्याकडे. आईनं त्यात करंज्या लावल्या आणि मला म्हणाली, “तू जा. मी गेले तर दोघी रडू.”

मी बेल वाजवली. मावशींनी दार उघडलं. त्या मिस्साला जायच्या तयारीत होत्या, पांढरी साडी. ताटाकडे बघितलं. नावावरून बोट फिरवलं. मला वाटलं काहीतरी बोलतील. काही बोलल्या नाहीत. एक करंजी उचलली, मोडली, अर्धी माझ्या हातात दिली. आम्ही दारातच उभ्या राहून खाल्ली. मग म्हणाल्या, “कड जाड झालीय. तू दाबलीस वाटतं.”

मी इतकी हसले! आणि त्याही हसल्या. महिन्यानंतर पहिल्यांदा, असं त्यांनी नंतर आईला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ताट परत आलं. त्यात होती साखर. मूठभर.

या आठवड्याचं काम

आपल्या पॉडकास्टच्या रिवाजाप्रमाणे शेवटी थोडं काम देते. चार गोष्टी.

पहिली: घरच्या माणसाला ‘तुला काय हवंय’ विचारू नका, उत्तर ‘काही नको’च येणार. दोन दिवस बघा. कुठे अडतं, काय हरवतं, कशासाठी हाक मारतात. भेट तिथे सापडते.

दुसरी: एक तरी गोष्ट हातानं करा. कुलकुल करा, लाडू करा, जुने फोटो छापून वहीत चिकटवा, बाबांच्या फोनमधली भरलेली मेमरी रिकामी करून द्या. वेडंवाकडं झालं तरी चालेल. माझ्या करंजीची जाड कड ही त्या ताटातली सगळ्यात कामाची गोष्ट ठरली.

तिसरी: तुमच्या ओळखीत कुणाच्या घरी यंदा माणूस गेलंय का, आठवा. सणाच्या दिवशी तिथे मेसेज पाठवू नका, स्वतः जा. काय बोलायचं सुचत नसेल तर बोलू नका. म्हणून तर हातात ताट असतं.

चौथी: घेतलेला डबा रिकामा परत देऊ नका. तुमच्या घरात आत्ता कुणाचे किती डबे पडलेत, मोजा. मला माहितीये, बरेच आहेत.

आणि बजेट? त्या कॅनडातल्या पाकिटांनी सांगितलंच, पाच आणि वीसमध्ये फरक पडत नाही. कर्ज काढून, क्रेडिट कार्डाचे हप्ते पाडून भेट देऊ नका. जानेवारीत हप्ता भरताना त्या माणसाचा राग यायला लागतो, जो त्यानं मागितलेलाही नसतो.

जाता जाता

आमचं ते बिल्डिंग दोन वर्षांपूर्वी रिडेव्हलपमेंटला गेलं. समोरासमोरची दोन दारं आता नाहीत. आम्ही भाड्यानं विरारला, मावशी नायगावला. सामान बांधताना आईला वरच्या फळीवर ते नाव कोरलेलं ताट पुन्हा सापडलं. मी म्हटलं, “अरे, द्यायचं राहिलं! आत्ताच देऊन येते.” आई म्हणाली, “रिकामं?”

ते आमच्याबरोबर विरारला आलं. मागच्या नाताळला मला सुट्टी मिळाली नाही, की मी ती मागितली नाही, खरं काय ते मलाच माहीत. मी मावशींना फोन केला, चांदणीचा एक स्टिकर पाठवला. त्यांनी उलट अंगठा पाठवला. बस. आई मला काही बोलली नाही, पण तिनं त्या रात्री ताट पुसून पुन्हा फळीवर ठेवलं, ते मी पाहिलं.

यंदा चोवीस तारखेला मी सुट्टी टाकली आहे. विरार ते नायगाव, मध्ये नालासोपारा आणि वसई, लोकलनं पंधरा-वीस मिनिटं. एवढंच अंतर आहे. सकाळी करंज्या, यावेळी कडा आई दाबणार. संध्याकाळी मी ताट घेऊन जाणार, गर्दीत डोक्यावर धरावं लागलं तरी चालेल. रात्री मावशींबरोबर मिस्साला बसेन, आणि त्यांनी पीठ मळून ठेवलं असेल तर कुलकुल वळेन. माझे वेडेवाकडे मीच खाईन.

ताट परत काय भरून आलं ते पुढच्या भागात सांगते. तोवर तुमच्याकडच्या ताटांच्या, डब्यांच्या गोष्टी आम्हाला व्हॉइस नोटवर पाठवा. निवडक आपण इथे ऐकवू.

चला, येते मी. सगळ्यांना नाताळच्या खूप खूप शुभेच्छा. आणि तो डबा… हो, तोच, फ्रिजच्या वरचा. आज देऊन या. साखर घालून.